सर्पगंधेचे गुण आणि दोष

मीरा-भाईंदरच्या बाजारपेठेत दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या व्यापाऱ्याला रक्तदाबाचा विकार नवा नाही. डॉक्टरांची गोळी चालू असतानाच कोणी हितचिंतक सुचवितो, ‘सर्पगंधेचे चूर्ण घ्या, वनस्पतीच ती, अपाय कसला?’ या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकाच्या मध्यावरच मिळालेले आहे आणि त्या कथेचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईतच, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात घडला.

तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देऊन परिणामांची काटेकोर नोंद ठेवली. १९४९ मध्ये त्यांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि वैद्यांच्या बटव्यातील या मुळीकडे जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून ‘रेसर्पिन’ हे अल्कलॉइड वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला.

रेसर्पिनने रक्तदाब उतरे, मनाची तगमगही शमे. परंतु काही रुग्णांना खिन्नता घेरी. काहींच्या हालचाली मंदावत, हात कापू लागत. असे का व्हावे, याचा उलगडा स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांच्या प्रयोगांतून झाला. रेसर्पिन दिलेले ससे निश्चल पडले. डोपामिनचे पूर्वद्रव्य असलेले एल-डोपा देताच ते पुन्हा हिंडू लागले. मेंदूतील पेशी डोपामिन इवल्या कोठारांत साठवितात. रेसर्पिन त्या कोठारांची वाटच अडविते. माल तयार होतो, पण आत ठेवता येत नाही. बाहेर राहून तो नासतो आणि कोठारे रिती होतात. याच शोधातून कंपवातावर एल-डोपाच्या उपचाराची वाट उघडली. २००० मध्ये कार्लसन नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.

ज्या गुणाने सर्पगंधा औषध ठरली, तोच गुण अविचाराने वापरल्यास अपायकारक ठरतो. म्हणून चूर्ण स्वतःहून सुरू करू नये. आधीपासून चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. घरातील वडीलधारे अकारण उदास दिसू लागले, चाल मंदावली, हात थरथरू लागले, तर ‘वयोमानाने होते’ असे म्हणून सोडून न देता ते कोणकोणती औषधे घेतात, हे आधी पाहावे. दुकानातील प्रत्येक जिन्नसाची नोंद वहीत असते. पोटात जाणाऱ्या औषधांचीही असावी.