अळणी कुणाला लागतं?

उष्टावण झालं की घरात पहिली चर्चा निघते ती मिठाची. गुरगुट्या भात, मुगाचं वरण, वर साजूक तूप. आजी चाखून बघते आणि म्हणते, ‘‘अगं, अळणी आहे हे. बाळ कसं खाईल?’’ आजीची माया खरीच. पण अळणी लागतं ते तिच्या जिभेला, बाळाच्या नव्हे.

खारट चवीची ओढ जन्मतः नसते. ती चारेक महिन्यांनंतर दिसू लागते आणि पुढे सवयीने वाढते. आईच्या 100 मिलिलिटर दुधात सोडियम असतं जेमतेम 15 मिलिग्रॅम. गाईच्या दुधात त्याच्या सुमारे तिप्पट. जादा सोडियम बाहेर टाकायला तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं अजून पुरती तयार नसतात. म्हणूनच ब्रिटनची आरोग्यसेवा वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसाला 1 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि एक ते तीन वर्षांच्या मुलांना फार तर 2 ग्रॅम. चहाच्या चमचाभर मिठाचं वजन भरतं पाच-सहा ग्रॅम!

नेदरलँड्समध्ये 1980 साली 476 नवजात बाळांचे दोन गट केले गेले. एका गटाला सहा महिने कमी सोडियमचा आहार दिला. सहा महिन्यांअखेर त्या बाळांचा वरचा रक्तदाब सुमारे 2 अंकांनी कमी भरला. पंधरा वर्षांनी त्यांतल्या 167 मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हाही 3.6 अंकांचा फरक होता.

घरी करायचं ते सोपं आहे. कुकर उघडला की वरणात मीठ पडण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढा. चवीला जिरेपूड, लिंबाचे दोन थेंब पुरतात. पापड, लोणचं, फरसाण दूर ठेवा. पाकिटावरच्या सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणा: 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ.

मीठ शत्रू मात्र नव्हे. जुलाबात जलसंजीवनी द्यावीच. तिच्यातलं मीठ जीव वाचवतं. पुढे जेवणात मीठ आलं की ते आयोडीनयुक्तच असावं. मूत्रपिंडाच्या आजारात मुलाचं पथ्य डॉक्टरांनीच ठरवावं. ‘कमी सोडियम’वाल्या मिठात पोटॅशियम असतं; अशा मुलाला ते न विचारता देऊ नये.

आजीने बाळाचा घास जरूर पारखावा, तो फार ऊन तर नाही ना, एवढ्यासाठी. मिठाचा निवाडा बाळाच्या कोऱ्या जिभेवर सोडावा.