मुळावरच्या गाठी

कारखान्याची वाट

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सोडवायला कारखान्यात 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये ही युक्ती दाखवली आणि 1913 मध्ये जर्मनीत कारखाना सुरू झाला. आजची युरियाची गोणी त्याच वाटेने येते. जगाच्या एकूण ऊर्जेतला एक-दोन टक्के वाटा या कामात जातो. शिवाय शेतात टाकलेले बरेचसे खत पिकाला लागतच नाही. काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरते, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाते. हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट वरचढ आहे.

गाठीत काय चालते?

नायट्रोजन फोडण्याचे हेच काम रायझोबियम जिवाणू मातीत, गाजावाजा न करता करतात. सोयाबीनचे मूळ विशिष्ट रसायने सोडते, जिवाणू आपल्या रसायनाने ओळख देतात, मग मूळरोम वळून त्यांना आत घेतो आणि तिथे गाठ तयार होते. झाड साखर पुरवते, जिवाणू अमोनिया देतात. अडचण एकच. नायट्रोजन फोडणारे विकर प्राणवायूने निकामी होते आणि जिवाणूंना तर श्वास घ्यायला प्राणवायू हवाच! म्हणून झाड लेगहिमोग्लोबिन बनवते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे हे भावंड प्राणवायू अगदी मोजूनमापून पोचवते.

याचा पुरावा शेतातच पाहता येतो. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एक रोप खुरप्याने मातीसकट काढा. उपटलेत तर गाठी मातीतच राहतील. मूळ धुऊन एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर काम सुरू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही.

कडधान्याचा बेवड चांगला, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही. त्यामागचे कारण या गाठी, हे मात्र जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ या शास्त्रज्ञांनी 1888 मध्ये सिद्ध केले.

डोबरायनरबाईंचा हट्ट

योहाना डोबरायनर मूळच्या चेकोस्लोव्हाकियाच्या, पण आयुष्यभराचे काम ब्राझीलमधले, तेही सरकारी संशोधन संस्थेत. सोयाबीनचा कार्यक्रम नायट्रोजन खतावर नव्हे, जिवाणूंच्या भरवशावर उभा राहावा, असा त्यांचा आग्रह होता. आज ब्राझीलचे अफाट सोयाबीन जवळपास नायट्रोजन खताशिवाय पिकते. महाराष्ट्रात उसाच्या बेणेप्रक्रियेला वापरले जाणारे अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणूही त्यांच्याच गटाने 1988 मध्ये उसातून वेगळे करून नोंदवले.

पैसा कुणी घालायचा?

गहू, भात, मक्याला अशा गाठी येतील का, यावर केंब्रिजसह अनेक ठिकाणी काम चालू आहे. 2024 मध्ये एका सागरी शैवालाच्या पेशीत नायट्रोजन स्थिर करणारा स्वतंत्र घटक सापडल्याचे जाहीर झाले. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात. पण हे काम दशकांचे आहे. बियाण्याला लावायच्या जिवाणूंच्या स्वस्त पाकिटातही कंपनीला फारसा नफा नाही, तेव्हा त्यासाठी सार्वजनिक पैसाच लागणार, आणि तोही सलग.

पाकीट घेताना

आधी वापरण्याची अंतिम तारीख पाहा. आतले जिवाणू जिवंत असतात. पाकीट उन्हात ठेवू नका. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियम. बियाणे सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.