आधी मागावं, मग सोपवावं

'देवाच्या मनात असेल तसं होईल.' हे वाक्य आपल्यापैकी कोण म्हणत नाही? मुलीचं लग्न जमत नसलं की म्हणतो, बारावीचा निकाल लागायचा असला की म्हणतो. घरातलं माणूस दवाखान्यात असलं, की दिवसातून दहादा म्हणतो. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, ते म्हणताना मनात श्रद्धा असते की नुसता थकवा?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या शेजारच्या मावशींमुळे. आम्ही कल्याणला राहतो. मावशींचं कुटुंब मराठी ख्रिस्ती, मूळचं नगरकडचं. काकांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मावशींची प्रार्थना काही चुकली नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "मावशी, देवाकडे नेमकं काय मागता हो?"

त्या म्हणाल्या, "आधी सरळच मागते, यांना बरं कर म्हणून. रडते, भांडतेसुद्धा. सगळं बोलून झालं की म्हणते, आता तुला योग्य वाटेल ते कर. आणि उठते. यांचा व्यायाम घ्यायचा असतो ना!"

मागणं, सोपवणं आणि उठणं! मला वाटायचं, देवावर सोपवलं म्हणजे काही मागायचंच नाही. पण ख्रिस्ती प्रार्थनेचं मूळ पाहिलं तर मावशींचंच बरोबर आहे. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत प्रार्थना करतो. हे दुःख टळावं, असं तो आधी अगदी उघड मागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना तीनदा येते. मग तो म्हणतो की माझ्या नाही, पित्याच्या इच्छेप्रमाणे होऊ दे. म्हणजे भीती लपवलेली नाही, इच्छाही लपवलेली नाही. मरियेचंही तसंच. देवदूताचा निरोप ऐकून तीही आधी विचारते, हे कसं होणार? होकार त्यानंतरचा.

'हे आपल्याला काय करायचंय, तो धर्म वेगळा,' असं कुणी म्हणेल. पण ही प्रार्थना आपल्या भागाला काही परकी नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका प्रवाशाने 'कल्लियाना' इथे ख्रिस्ती लोक आणि त्यांचा बिशप असल्याची नोंद केली आहे. हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याणच, असं अनेक अभ्यासक मानतात.

कल्याणच्या आणखी एका धाग्याने मी पंडिता रमाबाईंपर्यंत पोचते. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी मूळच्या कल्याणच्या. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत त्यांना पदवी मिळाली, तेव्हा त्यांच्या नात्यातल्या रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. एकीने परदेशात जाऊनही आपला धर्म सोडला नाही, दुसरीने १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. तरी नातं टिकलं!

रमाबाईंचं आयुष्य पाहा. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले, तेव्हा पदरात लहानगी मनोरमा. अशा बाईने 'देवाची इच्छा' म्हणून कोपऱ्यात बसायचं ठरवलं असतं, तर कोण काय बोलणार होतं? रमाबाईंना तर बाप्तिस्म्यानंतरही मन पूर्णपणे ख्रिस्तावर सोपवायला सुमारे आठ वर्षं लागली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. समर्पण एका दिवसात होत नाही, हे त्यांच्याकडून कळलं की आपल्यालाही जरा धीर येतो.

आणि सोपवल्यावर त्या थांबल्या का? छे! १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना आणलं. पुण्यापुढे दौंडच्या वाटेवर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिथे मुली शिकल्या, हातमाग आणि छापखाना चालवू लागल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबल मराठीत आणलं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतःचे डोळे मिटेपर्यंत त्यांनी हातातलं काम सोडलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. 'देवाचीच इच्छा, सहन कर' हे वाक्य बाईच्या वाट्याला फार लवकर येतं, मग घर कुठल्याही धर्माचं असो. नवरा मारतो, सासरी छळ होतो, तरी हेच! पण मार ही माणसाची करणी आहे, तिच्यावर देवाचं नाव घालू नये. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. तिथे दाद मागितली म्हणून प्रार्थना खोटी पडत नाही. जे बदलता येतं त्यासाठी हातपाय हलवायचे, आणि सगळं करूनही जे आपल्या हातात उरत नाही, तेवढंच सोपवायचं.

काका पूर्ण बरे झालेले नाहीत. काठी घेऊन दारापर्यंत येतात, उजव्या हाताने घास घेता येत नाही. मी मावशींना विचारलं, "देवाने ऐकलं नाही असं वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "वाटतं की कधी कधी. तेही त्यालाच सांगते."

यात नुसता थकवा असता, तर बोलणंच संपलं असतं. मावशींचं बोलणं सुरू आहे. तुम्ही ज्याला मानता त्याच्यापुढे आज संध्याकाळी दिवा लावाल किंवा मेणबत्ती लावाल, तेव्हा लगेच 'तुझी इच्छा' म्हणू नका. आधी मनातलं सगळं बोलून टाका, अगदी रागसुद्धा. त्यानंतर म्हटलेल्या 'तुझी इच्छा'ला खरा अर्थ येतो.