गळाच्या दुसऱ्या टोकाला काय चालते?

नांदेडजवळ विष्णुपुरीच्या फुगवट्यावर किंवा लातूरकडे मांजरेवरच्या एखाद्या बंधाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी सकाळी गेलात, तर काठावर चार-दोन माणसे पाण्याकडे टक लावून बसलेली हमखास दिसतात. ही माणसे धंदेवाईक मासेमार नव्हेत. भोई मंडळी रात्री टाकलेली जाळी उचलून केव्हाच बाजाराला गेलेली असतात. हे हौशी गळकरी. कुणी एस.टी.तले, कुणी बँकेतले, एखादे आपल्यासारखे गुरुजीही. हातात बांबूची काठी नाहीतर बाजारातली रिळाची काठी, तंगुसाचा दोरा, शिशाचा तुकडा, गळ आणि वर तरंगणारे बूच किंवा मोरपिसाची दांडी. आमिष म्हणून गांडूळ, नाहीतर हळद-शेंगपेंड घालून मळलेली कणीक.

यांच्याजवळ बसून ऐकले तर सल्ल्यांचा पाऊस पडतो. ‘बोलू नका.’ ‘उभे राहू नका.’ ‘मासा वर आला म्हणजे गळ टाकायचाच नाही.’ ‘थंडीत बूच नुसते नाचते, बुडत नाही.’ यातले काही सल्ले अगदी खरे, काही अर्धे खरे. कोणता कसा, हे तपासायला पाठ्यपुस्तकातला प्रकाश, ध्वनी आणि श्वसन एवढे तीन धडे पुरतात. म्हणून हा विषय शिक्षकांपुढे ठेवावासा वाटला.

‘उभे राहू नका’ यापासून सुरुवात करू. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग कसे दिसत असेल? काठावरचे झाड, माणूस, आकाश हे सगळे त्याला दिसते, पण डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून. प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. अगदी क्षितिजाला चिकटून आलेला किरणसुद्धा पाण्यात शिरल्यावर उभ्या रेषेशी सुमारे ४८.६ अंशांपेक्षा जास्त कोन करू शकत नाही. म्हणजे वरचे सगळे अर्धगोल जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाटीवाटीने बसवलेले असते. मासा एक मीटर खोल असेल तर ही खिडकी साधारण सव्वादोन मीटर व्यासाची. खिडकीबाहेर त्याला पृष्ठभागाच्या आरशात तळाचेच प्रतिबिंब दिसते. काठावर बसलेला माणूस या खिडकीच्या अगदी कडेला, चपटा आणि अंधुक होऊन जातो. तोच उभा राहिला की कडेपासून आत सरकतो आणि हलला की चटकन नजरेत भरतो. सल्ला खरा. पाणी गढूळ असेल तर मात्र उभे राहा की नाचा, काही फरक पडत नाही.

‘बोलू नका’ची गोष्ट वेगळी. हवेतून येणारा आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. हजारातला एखादाच भाग आत शिरतो. तेव्हा काठावरच्या गप्पा माशाला फारशा ऐकू जात नाहीत. पण पायाचा दणका जमिनीतून थेट पाण्यात उतरतो. एकदा डोहाकाठी मी शेजाऱ्याशी कुजबुजत होतो आणि बसल्या बसल्या टाच दगडावर आपटत होतो. पलीकडे बसलेले म्हातारे भोईमामा म्हणाले, “गुरुजी, बोला की मोकळ्यानं. पर ते पाय आपटू नका.” भौतिकशास्त्राचा धडा त्यांनी एका वाक्यात उरकला. वर्गात हे दाखवायला बाकाच्या एका टोकाला कान लावायला सांगून दुसऱ्या टोकाला नखाने खरवडावे.

शिवाय रोहू, कटला, मृगळ आणि शिंगाळ्यासारखे मिशाळ मासे यांची श्रवणशक्ती इतर बऱ्याच माशांपेक्षा तीक्ष्ण असते. त्यांच्या पोटातला हवेचा फुगा, म्हणजे वाताशय, नगाऱ्यासारखा थरथरतो आणि ती थरथर छोट्या हाडांच्या साखळीतून आतल्या कानापर्यंत जाते. त्याखेरीज अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेली पार्श्वरेषा जवळच्या पाण्याची हालचाल टिपते. मरळीला ही हाडांची साखळी नाही. ती डोळ्यांवर विसंबणारी शिकारी.

आता बूच किती उंचीवर बांधायचे हा प्रश्न. नवशिका गळकरी एकाच मापाने दिवसभर बसतो आणि नशिबाला बोल लावतो. माशाचे तोंड पाहिले तर उत्तर सापडते. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वरच्या बाजूला उघडणारे. तो वरच्या थरातले तरंगते सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूचे तोंड किंचित खाली वळलेले, ओठ झालरीसारखे. त्याचा वावर मधल्या थरात. मृगळ तळाचा गाळ चाळतो. एकाच तळ्यात तिघांना एकत्र वाढवता येते ते यामुळेच. या तिघांच्याही जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात. म्हणून ते आमिष चावत नाहीत. पाण्याबरोबर ओढून घेतात, चव पाहतात आणि नको वाटले तर थुंकतात. बुचाचे ते सुरुवातीचे नाचणे म्हणजे ही ओढाओढ आणि थुंकाथुंकी. घाईने झटका दिला तर गळ रिकामा येतो. मरळ मात्र आमिष धरून सरळ पळते.

नावांचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यातल्या अनेक माशांना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन करून दिली. शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव आज ‘स्पेराटा सीनघाला’ असे आहे, ते या शिंगाळ्यावरूनच. ‘कोलस’, ‘खुद्री’, ‘फुलुंगी’ ही जातिनामेही तशीच. मुलांना शास्त्रीय नावांची भीती वाटते तेव्हा हे उदाहरण कामी येते.

पण सर्वांत महत्त्वाचा धडा श्वसनाचा. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो; ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात, ते हवेशी पूर्ण संपृक्त झाले तरी, जेमतेम साडेपाच मिलिलिटर. आपल्यापेक्षा सुमारे चाळीसपट विरळ प्राणवायूवर मासा जगतो. त्यातही पाणी तापले की प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६, ३५ अंशांना ७ च्या किंचित खाली. उलट माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्याची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. मे महिन्यातल्या आपल्या डोहांत मासे या कात्रीत सापडलेले असतात. जानेवारीत याच्या उलट: प्राणवायू भरपूर, पण शरीर मंद, भूक थोडी. ‘थंडीत बूच नुसते नाचते’ याचा अर्थ हा.

हिरव्यागार तळ्यात तर रोज एक चक्र चालते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ, मासे आणि गाळातले जिवाणू सगळे मिळून तो वापरतात. पहाटे, सूर्य उगवण्याआधी, तो सर्वांत कमी असतो. मग मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करतात. नवख्याला वाटते, मासा खायला वर आला. प्रत्यक्षात तो गुदमरत असतो, आणि गुदमरणारा मासा खात नाही. ऊन चढून तासभर झाला की तोच मासा आमिष घेऊ लागतो. ‘मासा वर आला म्हणजे गळ टाकायचा नाही’ हा सल्ला शंभर टक्के खरा. खेळणारा मासा उसळी मारतो आणि खाली जातो; गुदमरणारा वरच तरंगत राहतो. हा फरक मुलांना नक्की दाखवावा. ढगाळ दिवस लागोपाठ आले, किंवा सांडपाणी वाढले, तर हेच चक्र तुटते आणि सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच लागतो. दर वेळी कुणी विष टाकलेले असतेच असे नाही.

मरळ, मांगूर यांची गोष्ट निराळी. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेचा कप्पा असतो. ती वर येऊन हवा गिळते, म्हणून आटत्या डबक्यातही तग धरते. आणि इथेच हौशी मंडळींना एक कडू गोष्ट सांगायला हवी. पावसाळ्यात काठाजवळ पाण्यावर लालसर पिलांचा घोळका एकत्र फिरताना दिसतो. ती मरळीची पिले, आणि खाली आईबाप राखणीला असतात. त्या घोळक्यात बेडूक टाकला की मरळ त्यावर तुटून पडते. ती भुकेने नव्हे, राखणीसाठी. गळाला हमखास मोठी मरळ लागते, फोटोही छान येतो. पण राखणदार गेला की बाकीचे मासे तो घोळका बघता बघता फस्त करतात. एक मरळ घरी नेली म्हणजे शेकडो गेल्या. माझ्या मते गळकऱ्याने पाळायचा पहिला नियम हाच: पिलांच्या घोळक्यावर गळ टाकायचा नाही.

दुसरा नियम चढणीच्या माशांचा. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले; आपल्या धरणांत ते मुख्यतः मत्स्यबीज सोडल्यामुळे आहेत. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात चढते, गढूळ, वाहते पाणी मिळाले तरच घालतात. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवले, तेव्हा कुठे तळ्यांना पुरेसे बीज मिळण्याची वाट मोकळी झाली. अंडी भरलेल्या रोहूच्या पोटात वजनाच्या किलोमागे लाखो अंडी असतात. पहिल्या पुराला बंधाऱ्याखाली अडलेला मासा पकडणे सोपे, म्हणून सगळे तिथेच धावतात. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे दर वर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवून दिले. तो निकाल दोन राज्यांच्या पाणीवाटपाचा. माशांसाठी तो दिलेला नव्हता. तरी नेमक्या अंडी घालण्याच्या दिवसांत नदी मोकळी राहते, हा योगायोग माशांच्या बाजूचा म्हणायचा.

आणि दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत १० टाक्यांतून ५ लाख लिटर आले. मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. माणसांची तहान मोठी, माशांची कोण मोजतो! पण अशा वर्षानंतर धरण भरले की रोहू-कटला बीज सोडून परत आणता येतो. शिंगाळा, वाम, कोळस, बारीकसारीक मळवे यांचे बीज सहसा कुणी सोडत नाही. ते परत येतात ते नदीत उरलेल्या एखाद्या खोल डोहातून. डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी. वाळूउपशाने डोहाची मूळ रचना मोडते, आणि मे महिन्यात उरलेल्या हातभर पाण्यात गळ टाकून बसणारा त्या कणगीतले शेवटचे मूठभर दाणे नेत असतो. मे महिन्यात आटत्या डोहावर जाऊच नये, असे मी स्पष्ट म्हणेन. जिलेटिन किंवा विष वापरणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा आहे. विजेचा करंट सोडणे तर माशांइतकेच माणसांच्याही जिवावर बेतणारे. काही गावांत हिंगणाची फळे ठेचून पाण्यात टाकत. त्यातले फेसाळ द्रव्य कल्ल्यांवर आघात करते आणि लहान-मोठा सगळा मासा एकदम जातो.

लहान मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला तर गळ चटकन सुटतो. चिलापी मात्र परत सोडू नये. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि त्याने अनेक तळी बळकावली. धरणावर जाण्यापूर्वी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी विचारावी. पाण्यातला मासा त्यांच्या ठेक्याचा असतो. रिळाची काठी कार्बन धाग्यांची असेल तर ती वीज वाहून नेते, म्हणून विजेच्या तारांखाली आणि वळवाच्या गडगडाटात ती उभी धरू नये.

शाळेजवळ तळे असेल तर गळ न टाकताही हा अभ्यास होतो. पहाटे, दुपारी, सायंकाळी पाण्याचे तापमान, पाण्याचा रंग, आकाश आणि माशांची हालचाल वहीत लिहावी. खोल पाण्याचे तापमान घेताना तापमापी नुसती सोडून वर ओढली तर वाटेतच पारा बदलतो. त्यासाठी जाड काचेच्या बाटलीला दगड बांधावा, तोंडाला बूच लावून बुचाला वेगळी दोरी बांधावी. बाटली हव्या त्या खोलीवर गेली की बूच ओढून काढावे, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि बाटली वर घेऊन लगेच तिच्यात तापमापी बुडवावी. मे महिन्याच्या दुपारी वरच्या आणि तळाच्या पाण्यात किती अंशांचा फरक निघतो, ते मुलांनाच मोजू द्यावे.