धर्माच्या गाईचे दात

माझी भाची अमेरिकेत इंडियानापोलिसला असते. काही वर्षांपूर्वी तिच्या मुलीने कॉलेजात कोणता विषय घेतला, असं मी फोनवर विचारलं. भाची म्हणाली, "मामा, ती दानधर्म शिकते आहे." मला हसू आलं. डॉक्टरकी शिकतात, वकिली शिकतात. दान करायला कॉलेज कशाला? मनात आलं की खिशात हात घालायचा, एवढंच तर असतं!

पुढच्या सुट्टीत ही नात आमच्याकडे आली आणि माझं हसू माझ्याच अंगाशी आलं. त्यासाठी आधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी.

आमच्या तालुक्याच्या गावी एक छोटा सार्वजनिक न्यास आहे. मी त्याचा बरीच वर्षं खजिनदार होतो. १९९८ साली एका उद्योजकाने आम्हाला रुग्णवाहिका दिली. नारळ फुटला, हारतुरे झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. गाडी आली, पण चालकाचा पगार, डिझेल, विमा, टायर यांचा विचार ना देणाऱ्याने केला, ना आम्ही. वर्षभर कसंबसं भागवलं. मग चालक सोडून गेला आणि गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. एका रात्री वाडीवरून बाळंतपणाचा निरोप आला. गाडी दारात होती, चालवणारा नव्हता. त्या बाईला भाजीच्या टेम्पोतून न्यावं लागलं. ती सुखरूप बाळंत झाली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे ऐकून नातीने विचारलं, "आजोबा, चालकाचा पगार कोण देणार, हे तुम्ही गाडी घेतानाच का विचारलं नाही?" मी म्हटलं, "अगं, धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात." ती म्हणाली, "आम्हाला तेच तर शिकवतात. दात कसे मोजायचे आणि देणाऱ्याला न दुखावता कसे मोजायचे."

मग मी तिच्याकडून हा अभ्यास समजून घेतला. इंडियाना विद्यापीठाने १९८७ साली इंडियानापोलिसमध्ये या विषयाचं संशोधन केंद्र काढलं. २०१० मध्ये तिथे पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे केंद्राचं स्वतंत्र विद्यालय झालं. औषधनिर्मितीतल्या लिली घराण्याचं नाव त्याला आहे. 'फिलान्थ्रॉपी' म्हणजे नुसता पैसा नव्हे. लोकांच्या भल्यासाठी आपणहून दिलेला वेळ आणि श्रमही त्यात आले. या विषयात दानाचा इतिहास असतो, नीतिशास्त्र असतं आणि संस्थेचा ताळेबंद वाचणं, विश्वस्तांच्या जबाबदाऱ्या, देणगी मागण्याची रीत हेही असतं. शिवाय एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करावं लागतं.

इतिहासातलं एकच उदाहरण पाहा. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले. पण अमेरिकेतल्या गावांना त्याची साधारण अट असे की, जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी करातून ग्रंथालय चालवण्यासाठी काढायची. म्हणजे दहा हजार डॉलरची इमारत हवी, तर दर वर्षाला हजार डॉलरची हमी हवी. शंभर वर्षांपूर्वी त्याला जे कळलं, ते आम्हाला रुग्णवाहिकेच्या वेळी कळलं नाही! अर्थात याच कार्नेगीच्या कारखान्यात १८९२ साली होमस्टेड इथे संपकऱ्यांवर गोळ्या चालल्या होत्या. त्या रागापायी त्याची देणगी नाकारणारी गावंही निघाली. पैसा कुठून आला, हे विचारायचं की नाही? विद्यार्थ्यांना या प्रश्नावर वाद घालावा लागतो.

पैशाचे प्रकारही शिकवतात. एक पैसा ठरावीक कामालाच वापरायचा, दुसरा गरजेप्रमाणे आणि तिसरा कायम निधीचा, ज्याचं फक्त उत्पन्न खर्चायचं. पहिल्या पैशाला दाते पटकन मिळतात, कारण त्यावर पाटी लावता येते. विजेच्या बिलावर पाटी कोण लावणार?

आपल्याकडे उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये म्हणतात. देणाऱ्याचं ठीक आहे, पण घेणाऱ्या संस्थेला ते लागू होत नाही. अमेरिकेत बहुतेक करमुक्त संस्थांचं वार्षिक विवरणपत्र कोणालाही पाहता येतं. वरिष्ठांचे पगारसुद्धा त्यात असतात. देणगी मिळवून देणाऱ्याने तिच्यातून टक्केवारी घेऊ नये, असं तिथल्या निधी-संकलकांची आचारसंहिता सांगते. आपल्याकडेही न्यासांना तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. आम्ही ते देत होतो, पण विश्वस्तांपैकी ते वाचत किती जण होते?

मला सर्वांत आवडला तो नॉर्दर्न केंटकी विद्यापीठातला प्रयोग. तिथे वर्गाला काही हजार डॉलर, अगदी खरे, दिले जातात. मुलांनी संस्था पाहायच्या, अर्ज तपासायचे, भांडायचं आणि एकमताने किंवा बहुमताने पैसे कोणाला ते ठरवायचं. चांगल्या कामालाही 'नाही' म्हणावं लागतं, हे तेव्हा कळतं.

समाजकार्याचं शिक्षण आपल्याला नवं नाही. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं विद्यालय निघालं. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन होते. आपल्या अनेक कॉलेजांत समाजकार्याची पदवीही मिळते. तिथे भर असतो तो माणसांबरोबर काम करण्यावर. हे काम पुढची वीस वर्षं कसं चालेल, यावर नातीच्या अभ्यासाचा भर आहे. दोन्ही हवं.

नात परत गेली. त्यानंतर एक गृहस्थ शाळेला दहा संगणक द्यायला आमच्याकडे आले. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "वीजबिल आणि शिकवणाऱ्याचं मानधन कसं करायचं?" सोबतचे विश्वस्त माझ्याकडे डोळे वटारून पाहू लागले. गृहस्थ जरा गप्प झाले. मग म्हणाले, "सहाच देतो. उरलेल्या पैशांतून दोन वर्षांचं मानधन भागेल ना?"

भागलं. तिसऱ्या वर्षाची तरतूद आम्ही पहिल्याच वर्षी गावातून सुरू केली.