क्रमांक वाटायचे कोणी?

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर मुंबई-पुणे रस्त्यातून गोव्याचा रस्ता फुटतो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग १७ होता. २०१० मध्ये देशभरातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि तो ६६ झाला. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य मार्गांना सम क्रमांक असून ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पद्धत सुटसुटीत आहे. पण जुने क्रमांक दुसरीकडे पुन्हा वापरले गेले. आज महामार्ग १७ पश्चिम बंगाल व आसामात आहे, तर पूर्वीचा ६६ पुदुच्चेरीहून कृष्णगिरीला जात असे. जुना नकाशा वापरणाऱ्याचा घोटाळा होणारच.

माणूस निदान वाट विचारू शकतो. यंत्रांना ती सोय नसते. एकाच जाळ्यात दोन यंत्रांचा पत्ता सारखा निघाला, तर निरोप कोणाला द्यायचा हेच ठरत नाही. मग जगभरातील कोट्यवधी यंत्रांना वेगवेगळे पत्ते मिळतात कसे?

उत्तर गाडीच्या पाटीवर सापडते. 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र, '४६' म्हणजे पनवेलचे परिवहन कार्यालय. पुढचे क्रमांक ते कार्यालय देते. इतर कार्यालयांना विचारावे लागत नाही. वाय-फायचा पत्ताही असाच असतो. तो ४८ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ४८ चिन्हांचा असतो. साधारणपणे पहिले २४ बिट आयट्रिपलई ही अभियंत्यांची संस्था उत्पादकाला नेमून देते. उरलेल्या २४ बिटांतून उत्पादक १,६७,७७,२१६ यंत्रांना वेगळे पत्ते देऊ शकतो.

ब्लूटूथचे नियम मात्र १९९८ मध्ये स्थापन झालेला वेगळा गट ठरवतो. त्याने पत्त्यांची स्वतंत्र वही उघडली नाही. आयट्रिपलईचीच वाटणी स्वीकारली. त्यामुळे तारेने, वाय-फायने आणि ब्लूटूथने जोडलेली यंत्रे एकाच जाळ्यात आली, तरी नेमून दिलेले पत्ते एकमेकांवर आदळत नाहीत.

मोबाइल सेवेची वाटणी निराळी आहे. सिमकार्डातील ओळख-क्रमांकाचे पहिले तीन अंक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ देशाला देतो. भारताचे ४०४ आणि ४०५. पुढचे अंक देशातील दूरसंचार विभाग कंपनीला देतो, आणि शेवटचे कंपनी ग्राहकाला. प्रत्येकाने आपल्या हद्दीतच वाटप करायचे, एवढ्या शिस्तीवर सारा व्यवहार चालतो.

कायम एकच पत्ता असण्यात एक धोकाही आहे: त्यावरून माणसाचा माग काढता येतो. म्हणून अलीकडचे अनेक मोबाइल वाय-फायसाठी स्वतःच तात्पुरता पत्ता तयार करतात. तो कोणाच्या नेमून दिलेल्या पत्त्याशी जुळू नये, यासाठी 'हा पत्ता स्थानिक आहे' असे सांगणारा एक बिट आधीपासून राखून ठेवलेला आहे.

हे वर्गात तपासता येईल. मोबाइलच्या सेटिंगमध्ये वाय-फायचा पत्ता पाहा. तो बारा चिन्हांचा असतो. ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे त्यात येतात. डावीकडून दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर पत्ता स्थानिक. नसेल, तर पहिली सहा चिन्हे अनेक मोबाइलांवर ताडून पाहा. कोणती जुळतात? का जुळत असावीत? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.