सोलापूरचा उन्हाळा येतो कोठून?

काही वर्षांपूर्वी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पूर्व भागातील एका साठीच्या बाईंना त्यांची सून रिक्षातून माझ्या दवाखान्यात घेऊन आली. घरी बिड्या वळताना त्यांना अंधारी आली होती. जीभ कोरडी, नाडी जलद, वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली. ऊन लागले आहे, असे मी म्हणताच त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, अजून शिमगा झाला न्हाई, ऊन कसलं लागतंय? मी तर घराभाईर पडले न्हाई." घरावर पत्रा होता आणि पंखा बंद होता, कारण पंखा लावला की सुपातील तंबाखू उडतो. आणखी एक कारण होते आणि ते माझ्याच हातचे होते. त्याकडे पुढे येतो.

वाचकहो, सोलापूरला राहणाऱ्याने येथील उन्हाची तक्रार करावी, पण त्याचे मूळही जाणून घ्यावे. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा होतो, असा समज चांगल्या शिकलेल्या घरांतही आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे आपण सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची तयारी करतो आणि अंगावर चादर ओढून झोपतो त्या दिवसांत. तेव्हा हे अंतर सुमारे 14 कोटी 70 लाख किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ते 15 कोटी 20 लाखांवर जाते. ऋतू घडतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. जो गोलार्ध सूर्याकडे झुकतो, तेथे किरण सरळ पडतात आणि दिवस मोठा होतो. माझी भाची मेलबर्नला असते. संक्रांतीला आम्ही तिळगूळ वाटत असताना ती फोनवर उकाड्याचे गाऱ्हाणे सांगते.

सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टमध्ये ढगांचे छत असते, म्हणून आपण वाचतो. मेमध्ये ते नसते आणि काळी जमीन तापत राहते.

पण केवळ अक्षांशाने सारे उलगडत नाही. महाबळेश्वर जवळजवळ याच अक्षांशावर, आपल्या पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आपल्या वाट्याला त्याचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा येतो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावरच बरसून जातात. पलीकडे उतरताना तेच वारे पुन्हा तापतात आणि कोरडे होतात. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पूर्वेला पॅटागोनियाचा कोरडा मुलूख याच रीतीने घडला. व्लादिमिर कोपेन या शास्त्रज्ञाने जगाच्या हवामानाचे जे विभाग पाडले, त्यांत आपला प्रदेश उष्ण निमशुष्क गटात मोडतो.

आपला खरा पाऊस बहुधा सप्टेंबरात, मान्सून परतीच्या वाटेवर असताना येतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे आणि दुपारनंतरचे वळीव तो आणतात. त्या ओलीवर मंगळवेढ्याची ज्वारी पिकते. आपल्या नळाला येणारे उजनीचे पाणीही बहुतांशी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचेच असते. सह्याद्रीने अडविलेले थोडे तरी भीमेने आपल्याला परत आणून दिले, असे मला नेहमी वाटते.

आता शरीराकडे वळू. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की उष्णता बाहेर टाकण्याचा घामाचे बाष्प होणे हा एकच मार्ग उरतो. कोकणात घाम अंगावर निथळतो आणि दिसतो; सोलापुरात तो दिसण्यापूर्वीच वाळतो. म्हणून 'मला घामच येत नाही' म्हणणारा माणूस दिवसभरात कितीतरी पाणी गमावून बसलेला असतो. तहानेची वाट पाहू नये, वृद्धांनी तर मुळीच नाही. वयाबरोबर तहान बोथट होते.

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. मार्चमधले पहिले कडक ऊन म्हणूनच फसवे असते. पारा मेइतका चढलेला नसतो, पण शरीर अजून पौषातच असते. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार चाळीस अंशांपासून सुरू होतो. पत्र्याखालच्या खोलीला तो निकष ठाऊक नसतो.

त्या बाईंना मी हिवाळ्यात रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारी गोळी सुरू केली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना बोलावून ती तपासायला हवी होती. मी बोलावले नाही. आपल्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल तर ती मनाने बंद करू नका. फेब्रुवारीअखेरीस डॉक्टरांना दाखवा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरचे पेय बहुतेकांना चालते, मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आधी विचारावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजत असेल, तर तापाची गोळी उपयोगाची नाही. सावलीत आणा, अंग पाण्याने भिजवा, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

बाई सलाइनवर सुधारल्या. आता त्या पहाटे बिड्या वळतात, दुपारी मानेवर ओले फडके ठेवून पंख्याखाली बसतात. दर फाल्गुनात गोळ्यांचे पाकीट टेबलावर ठेवून म्हणतात, "ही पाण्याची गोळी आधी बघा."